मदत हवी आहे: सॉफ्टवेअर कंपनीत कंटेंट रायटरची मुलाखत, गुरुवारी

नमस्कार मंडळी. येत्या गुरुवारी गोव्यात पर्वरीला मुलाखत आहे. कंपनी छोटी, हॉटेलं आणि गेस्ट हाऊसवाल्यांसाठी बुकिंगचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर करते. जाहिरातीत कामं दिलीत ती अशी: युजर गाइड, रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीत काय बदललं ते), स्क्रीनवरचा मजकूर, शिवाय वेबसाइटचे ब्लॉग. तीन माणसांचं काम एका पगारात दिसतंय, पण असो.

मी डिचोलीची. एम. ए. मराठी, सहा वर्षं एका दैनिकात उपसंपादक. इंग्रजी नीट लिहिता येतं. बोलताना पहिली दोन वाक्यं अडखळते, मग गाडी लागते. कोडिंग शून्य. फोनवर एवढंच कळलं की आधी ४५ मिनिटांची लेखी चाचणी, मग टीमशी बोलणं.

गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी आपटले होते. त्यांनी एक स्क्रीनशॉट पुढ्यात ठेवला, म्हणाले यावर लिहा. मी सवयीनं बातमीचा इंट्रोच लिहिला. इंग्रजीत, पण थाट तोच, 'अमुक सुविधा उपलब्ध झाली असून ग्राहकांना दिलासा मिळाला आहे'. समोरच्या बाईंनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "मग पहिल्यांदा कुठलं बटण दाबायचं?" ते माझ्या दीडशे शब्दांत कुठेच नव्हतं.

या वेळी गुगलचा फुकट कोर्स आहे ना, 'टेक्निकल रायटिंग वन', तो पुरा केलाय. पण जिकडे तिकडे डिटा आणि मार्कडाउन (मजकूर मांडायच्या पद्धती), गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं), मॅडकॅप फ्लेअर (गाइड बनवायचं सॉफ्टवेअर) असली नावं दिसतात आणि पोटात गोळा येतो. यातलं किती यायला हवं? आणि नमुना म्हणून काय नेऊ? माझ्याकडे बातम्यांची कात्रणं आहेत, सॉफ्टवेअरवरचं एक ओळसुद्धा नाही. नाही म्हणायला, गणेश चवथीच्या आधी सासूबाईंना फोनवरून विजेचं बिल भरता यावं म्हणून वहीच्या पानावर नऊ पायऱ्या लिहून दिल्या होत्या. त्या सहावीला अडकल्या. मी लिहिलं होतं 'पुढे जा दाबा', आणि स्क्रीनवर होतं 'प्रोसीड', तेही कीबोर्डच्या मागे दडलेलं. मग पान पुन्हा लिहिलं. हे मुलाखतीत सांगितलं तर हसतील का?

प्रतिसाद १

ताई, मी मूळचा फोंड्याचा, पुण्यात अकरा वर्षं हेच काम करतोय. हसणार नाहीत. कात्रणं घरी ठेवा आणि ते पान न्या. पहिला मसुदा, सासूबाई कुठे अडल्या ते, आणि दुसरा मसुदा, असं शेजारी शेजारी. इंग्रजीतही करून ठेवा. आमच्याकडे उमेदवार गुळगुळीत नमुने आणतात, पण ते वाचून कोणी काही केलं का, हे विचारलं की गप्प होतात.

स्क्रीनशॉट परत येईल असं धरून चाला. एका पायरीत एकच कृती. आधी जागा, मग कृती: 'बुकिंग्ज पानावर, रद्द करा निवडा'. अट असेल तर तीही आधी, नाहीतर वाचणारा बटण दाबून मोकळा होतो आणि मग 'पण पैसे परत द्यायचे असतील तर' वाचतो. धोक्याची सूचनाही पायरीच्या वर, खाली नाही. बटणाचं नाव स्क्रीनवर आहे तसंच, ठळक. मायक्रोसॉफ्टचा स्टाइल गाइड 'क्लिक'ऐवजी 'सिलेक्ट' घ्या म्हणतो, कारण माणूस बोट वापरतोय की माऊस हे आपल्याला ठाऊक नसतं. कारण सांगता आलं तर एवढं एक उदाहरणही पुरतं.

टूल्सचं फार घेऊ नका. मार्कडाउन तासाभरात येतं. डिटामधलं निदान एवढं कळू द्या की ओळख करून देणारा मजकूर, कृती सांगणारा मजकूर आणि संदर्भाचा तक्ता हे तीन वेगळे ठेवतात, एकाच पानात कालवत नाहीत. फ्लेअर वापरलं नसेल तर 'वापरलं नाही' म्हणा. इथे थाप लगेच पकडली जाते.

प्रतिसाद २

मी लिहिणारा नव्हे, कोड करणारा. आमच्या बाजूचा नेहमीचा प्रश्न: "डेव्हलपर माहितीच देत नाही, काय कराल?" 'फॉलो-अप करेन' हे उत्तर सगळेच देतात. आधी स्वतः सॉफ्टवेअर चालवून बघेन, जिथे अडेन ते लिहून काढेन आणि चार नेमके प्रश्न घेऊन जाईन, असं सांगा. रात्री दहाला अधिकाऱ्याला फोन करून बातमी खरी की खोटी विचारणाऱ्या माणसाला हे काय नवीन आहे?

एरर मेसेज सुधारायला देतील. आम्ही लिहितो 'इनव्हॅलिड डेट'. पाहुणा काउंटरवर उभा असताना रिसेप्शनच्या पोरानं त्याचं काय करायचं? 'चेक-आउटची तारीख चेक-इनच्या नंतरची निवडा' असं हवं. रिलीज नोट्सचंही तेच. आमच्या नोंदीत 'टाइमझोन बग फिक्स्ड' असतं. तुम्ही लिहायचं: रात्री बारानंतर चेक-इन केल्यास बिलात एक दिवस जादा लागत होता, आता लागणार नाही.

प्रतिसाद ३

ब्लॉग आठवड्याला किती, हे आकड्यात विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं आणि वर्षभर युजर गाइडला हात लागला नाही. आणि वाटेत गर्दी लागेल असं धरून अर्धा तास हातचा ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. काल दुसऱ्या मसुद्याचं पान सासूबाईंकडे मागितलं. फ्रिजवर चुंबकाखाली होतं, हळदीच्या बोटांसकट. बघते तर सहाव्या पायरीत माझं 'प्रोसीड' खोडून त्यांनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'हिरवें बटण'. गेल्या महिन्याचं बिल त्यांनी कोणालाही न विचारता भरलं म्हणे. हा तिसरा मसुदा धरू का?

प्रतिसाद १

धरा आणि पहिल्यांदा तोच दाखवा. फक्त 'प्रोसीड' खोडू नका, दोन्ही ठेवा. रंग पुढच्या अपडेटला बदलतो, आणि काहींना हिरवा-तांबडा वेगळा दिसतही नाही. का ठेवलं, हे ते नक्की विचारतील.