विषय: झोपेची गोळी, पाच चांदण्या आणि नानांची एक्सेल

प्रेषक: बापू

मंडळी, तातडीचं आहे. आपण इथं अमेरिकेत, आई तिकडं कोल्हापुरात, आणि तिच्या झोपेच्या गोळ्या चारच उरल्यात. डॉक्टरशी फोनवर बोलायच्या ॲपांची नानांची यादी आहे ना, त्या एक्सेलमध्ये जे ॲप पाच चांदण्या घेऊन सगळ्यात वर बसलंय त्यावर काल रात्री पैसे भरले. आईला मंगळवार पेठेत मोबाईलसमोर बसवलं, शेजारचा पोरगा मदतीला होता. डॉक्टरबाई बोलायला गोड. बीपी विचारलं, रात्री उठताना कधी पडलात का विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, ही झोपेची गोळी, अल्प्राझोलम, मी इथून लिहून देणार नाही. पैसेही परत नाहीत. मग पाच चांदण्या कशाच्या? दुसरं कुठलं ॲप देतं ते सांगा, तिकडचे दवाखाने बंद व्हायच्या आत.

प्रेषक: नाना

बापू, सकाळी सकाळी माझ्या नावानं शंख कशाला? ती यादी जुलै 2021 च्या पुरातली आहे. शिरोलीजवळ हायवे पाण्यात, आपल्यापैकी निम्म्यांचे आईवडील घरात अडकलेले, तेव्हा फोनवर डॉक्टर भेटला हेच नशीब. माझे रकाने तीनच होते: फी, किती वेळ थांबावं लागलं, मराठी बोलतात का. चांदण्या माझ्या नाहीत. त्या गणपतीनंतर कुणीतरी मला न विचारता घातल्यात. कुणी, ते त्यांनीच इथं सांगावं. तोवर फाईलला कुलूप.

प्रेषक: वहिनी

बापूभाऊजी, आधी गोळीचं. गोळ्या संपल्या म्हणून एकदम बंद करू नका. रोजची सवय असेल आणि अचानक तोडली तर झोप जाते ती जातेच, हातपाय थरथरतात, कधी झटकेही येतात. चार आहेत म्हणजे हातात वेळ आहे. पहिल्यांदा ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांकडे आजच संध्याकाळी आत्यांना प्रत्यक्ष न्या.

आता ॲपचं. त्या बाईंनी तुमचे पैसे वाया घालवले नाहीत, बरोबर वागल्या. 25 मार्च 2020 ला केंद्रानं टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणारी) औषधं तशी लिहायला मनाई केली. अल्प्राझोलम त्याच कायद्याच्या यादीत आहे. शाहूपुरीत बाबांच्या दुकानात मी ही चिठ्ठी शेकडो वेळा हाताळली आहे. ती शेड्यूल एच-1 मधली, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीतली गोळी. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. बाबा त्या वहीला इतके जपायचे की आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

दोन मिनिटांच्या चॅटवर जे ॲप ही गोळी देईल त्याच्यापासून लांब राहा. आणि नाना, तुमच्या यादीत रकाना घालायचाच तर हा घाला: कशाला नाही म्हणतात.

प्रेषक: आप्पा

वहिनी, ते दुकान स्टेशन रोडच्या बाजूचं का? बाहेर लाकडी बाक होतं? आमच्या वडिलांना तुमच्या बाबांनी एकदा खोकल्याचं औषध द्यायचं नाकारलं होतं, आधी डॉक्टरला दाखवा म्हणून. वडील महिनाभर दुसऱ्या दुकानात जात होते. मग परत आले.

प्रेषक: दादा

चांदण्या मी घातल्या. नाना, तुम्हाला ईमेल केली होती, उत्तर आलं नाही. (कोजागिरीच्या दुधाच्या हिशोबाचंही अजून आलेलं नाही, ते असो.) चांदण्या ॲपच्या दुकानातूनच उचलल्या होत्या, म्हणजे बिनकामाच्या आहेत हे मान्य. ॲप झटपट उघडतं म्हणूनही लोक पाच देतात.

माझा अनुभव वेगळा. वडिलांच्या अंगावर पुरळ आलं तेव्हा एका ॲपवर चॅट केलं. फोटो पाठवला, तीन मिनिटांत चिठ्ठी हजर, त्यात अँटिबायोटिक. व्हिडिओ नाही, आधीच्या गोळ्या विचारल्या नाहीत. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक होता म्हणून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकला, तर नाव भलतंच. तक्रारीच्या बटणावर रोबो बोलतो. वास्तविक डॉक्टर नोंदणीकृत आहे की नाही हे बघणं ॲपचं काम, आणि क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा. तेव्हापासून मी पैसे भरायच्या आधी क्रमांक दिसतो का ते बघतो. नाही दिसला तर पुढं जात नाही. मग फी शंभर असो नाहीतर फुकट असो.

प्रेषक: माई

फुकटावरून आठवलं. सरकारचं ई-संजीवनी 2020 पासून आहे, त्याला पैसे पडत नाहीत. जाऊबाईंनी वापरलं. रांग लागते, पण डॉक्टर बोलले नीट, आणि शेवटी सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन दाखवा म्हणाले. त्या गेल्या.

माझा प्रश्न वेगळाच आहे. सासूबाई सहा महिने इथं एडिसनला असतात. तेव्हा राजारामपुरीतल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोललं तर चालतं का?

प्रेषक: वहिनी

माई, त्या सूचना भारताच्या हद्दीबाहेरच्या सल्ल्याला लागूच नाहीत. जुन्या डॉक्टरांशी बोला, धीर येतो, पण त्यांच्या चिठ्ठीवर इथला फार्मसीवाला औषध देणार नाही. इथल्यासाठी इथला परवाना असलेला डॉक्टर, आणि विमा घेतलाय ना?

प्रेषक: माई

घेतलाय. आधीपासूनचे आजार सोडून. म्हणजे सगळेच सोडून.

प्रेषक: काका

तुमचे रकाने चालू द्या, खरी अडचण कुणी बोलत नाही: ओटीपी. आमच्या आबांना विसरायचा आजार आहे. ओटीपी त्यांच्या फोनवर, फोन देवघरात, आबा रंकाळ्यावर. मी इथं रात्री दोनला उठून बसतो आणि कॉलमध्ये तिसऱ्या माणसाला जागाच नाही. सूचनांमध्ये घरचा काळजी घेणारा पेशंटच्या वतीनं बोलू शकतो असं आहे. लहान मुलं आणि आबांसारखे सोडून बाकीच्यांना मात्र तशी परवानगी स्वतः द्यावी लागते. पण ॲपवाल्यांनी ते वाचलंय कुठं? शेवटी भाचा एका फोनवर ॲप लावतो आणि दुसऱ्यावर मला व्हॉट्सॲपवर धरतो. मला डॉक्टरचा कान दिसतो फक्त.

प्रेषक: दादा

काका, एका ॲपमध्ये कुटुंबातला माणूस जोडता येतो, पण परदेशी नंबर घेत नाही. आणि कोल्हापुरात सेवा आहे म्हणतात ते रक्ताच्या तपासणीला धरून नाही. आपला 416 चा पिनकोड घालून बघा. कळंब्याला घरी यायला माणूस नाही म्हणाले.

प्रेषक: नाना

पिनकोडचा रकाना घालतो. चांदण्या काढल्या. दादा, दुधाचा हिशोब फेब्रुवारीतच दिलाय, स्पॅम बघा.

प्रेषक: बापू

आई जाऊन आली. शेजारच्या पोरानं रिक्षानं नेलं. डॉक्टरनी आधी पोरालाच झापलं, दोन वर्षं ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून चाललीय म्हणून. मूळ चिठ्ठी पंधरा दिवसांची होती म्हणे, पुढं दुकानदार ओळखीवर देत राहिला. (वहिनी, तुमचं दुकान नव्हे.) आता अर्धी-अर्धी करत कमी करायची आहे, दर पंधरा दिवसांनी बघणार. मधल्या वेळी ते स्वतःच व्हिडिओवर बोलतील, त्यांच्याच फोनवरून, ॲप नको म्हणाले. आई खूश, कारण त्यांनी चहा विचारला.

ॲपवरच्या बाईंनी पडण्याचं का विचारलं ते आता कळलं. आई दिवाळीत मोरीत पडली होती. मला सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं.

नाना, त्या ॲपला एक चांदणी परत द्या.

प्रेषक: नाना

चांदण्यांचा रकानाच काढलाय. आता कुठं देऊ?