नोटर डेमनं फुटबॉलसाठी एसीसीत जावं का?

मिडवेस्टकर
आपलं नोटर डेम, म्हणजे इंडियाना राज्यातलं विद्यापीठ, अमेरिकन फुटबॉलमध्ये स्वतंत्र आहे, कोणत्याही कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटात) नाही; एसीसी हा असाच एक गट. माझं मत स्पष्ट आहे: जावं, आणि लवकर जावं. डिसेंबर २०२५ची प्लेऑफ निवड (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या बाद फेरीची) अजून डोक्यातून जात नाही. हंगामाच्या सुरुवातीला मायामीकडून २७-२४ आणि टेक्सस ए अँड एमकडून ४१-४० अशी हार, म्हणजे दोन्ही मिळून चार गुणांचा फरक. त्यानंतर ओळीनं दहा विजय. तरी बारा संघांत जागा नाही! शेवटच्या शनिवारी बाकीचे कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात खेळत होते आणि आपण घरी बसून निकाल बघत होतो. बहुतेक खेळांत नोटर डेम २०१३ पासून एसीसीतच आहे. फुटबॉलचेही वर्षाला साधारण पाच सामने त्यांच्याशीच होतात. मग फुटबॉलपुरतं बाहेर राहून मिळवलं काय?

नागपूर_ते_शिकागो
राग समजतो, पण त्याच निवडीकडे नीट बघा. एसीसी जिंकली ड्यूकनं. ड्यूकला प्लेऑफ मिळालं? नाही. मायामी तर एसीसीच्या अंतिम सामन्यातही नव्हती, तरी आत गेली. आणि युटामधलं बीवाययू विद्यापीठ? त्यांनी २०२३ साली स्वातंत्र्य सोडून बिग ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स गाठली. २०२५मध्ये ११ जिंकले, कॉन्फरन्सचा अंतिम सामना टेक्सस टेककडून हरले आणि आपल्यासारखेच बाहेर राहिले. तो एक जास्तीचा सामना खेळूनही हाती काही लागलं नाही.

पैशाचंही बोलू. २०२४च्या हंगामात आपण इंडियाना, जॉर्जिया, पेन स्टेटला हरवून प्लेऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो. त्याचे सुमारे दोन कोटी डॉलर एकट्या नोटर डेमला मिळाले. एसीसीत असतो तर सतरा-अठरा जणांत वाटणी झाली असती. एनबीसी वाहिनीशी आपला स्वतंत्र प्रक्षेपणाचा करार १९९१ पासून चालू आहे, तो २०२९ पर्यंत आहे.

आणि हे स्वातंत्र्य हौसेनं घेतलेलं नव्हतं हो. शंभर वर्षांपूर्वी मिडवेस्टच्या मोठ्या विद्यापीठांनी या कॅथलिक कॉलेजला आपल्यात घेतलं नाही. म्हणून संघ आर्मीशी (लष्करी अकादमीच्या संघाशी) खेळायला पूर्वेला आणि यूएससी विद्यापीठाशी खेळायला कॅलिफोर्नियाला जाऊ लागला. देशभरातला चाहतावर्ग त्यातूनच उभा राहिला. १९९९ साली बिग टेन या मिडवेस्टच्या कॉन्फरन्सनं बोलावलं तेव्हा विश्वस्तांनी नकार दिला, तो याच कारणानं मला पटतो.

स्नेहल_ओहायो
नियमही बदलतोय. २०२६ पासून नोटर डेम निवड समितीच्या क्रमवारीत पहिल्या बारात असेल तर प्लेऑफमध्ये जागा पक्की. हाच नियम २०२५मध्ये असता तर आपण आत होतो, कारण अखेरच्या क्रमवारीत आपण अकरावे होतो. हे हातात असताना घाई कशाला?

मिडवेस्टकर
ड्यूकचा मुद्दा मान्य. नुसतं सभासदत्व म्हणजे तिकीट नव्हे. पण स्नेहल, पहिल्या बारात यायचं तर तगडे प्रतिस्पर्धी लागतात आणि माझी खरी काळजी तिथेच आहे. यूएससीशी मालिका १९२६ साली सुरू झाली. २०२६ मध्ये, शंभर वर्षं होत असताना, तो सामनाच नाही. बिग टेनचे संघ आपापसात नऊ सामने खेळतात, एसईसी ही दुसरी मोठी कॉन्फरन्सही २०२६ पासून नऊवर. उरलेल्या तीन तारखांत त्यातली एक नोटर डेमला कोण देणार, तीही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये? ज्या देशभरच्या लढतींसाठी स्वातंत्र्य जपायचं, त्याच एकेक करून गळायला लागल्या आहेत.

नागपूर_ते_शिकागो
यूएससीचं दुःख मलाही आहे. पण एसीसीत गेल्यानं ती लढत परत येणार आहे का? उलट तिथे नऊ सामने बांधले गेले की नेव्हीशी (नौदल अकादमीच्या संघाशी) होणारा सामनासुद्धा धोक्यात येईल. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रानं हे विद्यापीठ तगवलं, त्या ऋणाखातर आपण त्यांच्याशी खेळत आलोय. शिवाय २०३६ पर्यंत कॉन्फरन्स निवडायची तर करारानं एसीसीच निवडावी लागेल. तिथे क्लेमसन आणि फ्लोरिडा स्टेट या दोन सभासद विद्यापीठांनी बाहेर पडता यावं म्हणून कोर्टात दावे लावले होते. त्या घरात आत्ता कायमचं राहायला जा, असं मी तरी म्हणणार नाही.