मदत हवी आहे: आईची तुलना थांबत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव-वडगावचे. आई ६८ वर्षांची. शेजारच्या काकू तिच्याच वयाच्या, पण अजून येळ्ळूरचा राजहंसगड चढतात. आईचं एकच पालुपद, "तिला जमतंय, मलाच का नाही गं?" सुईत दोरा ओवायला मला हाक मारावी लागली की तिचा चेहरा पडतो. वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं, स्नायूही घटतात, कुणाचे कमी, कुणाचे जास्त, हे सांगून झालं. पटत नाही. आणि जुन्या साड्यांची वाकळ तिच्यासारखी शिवणारं गल्लीत कुणी नाही हो! इतके बारीक, सरळ टाके. ते मात्र तिच्या लेखी काहीच नाही.

तुमच्या घरी कुणाला यातून बाहेर काढलंत का? काय बोललात? वडगाव-शहापूर भागात बायकांचं चांगलं भजनी मंडळ असेल तर तेही कळवा, प्लीज.