गोधडीकामावर घर चालवायचं आहे: भाव कसा काढायचा, ऑर्डरी कशा घ्यायच्या?

कराडची_सुई
नमस्कार मंडळी. शिवणाचा कोर्स नाही, कलेची पदवी नाही. बघून बघून शिकले. जुन्या सुती साड्यांच्या वाकळी आणि बाळांची दुपटी हातानं शिवते. ऑर्डरी येतात, पण महिनाअखेरीस हातात काही राहत नाही. डबल बेडच्या गोधडीचे ३,५०० घेते, तरी लोक महाग म्हणतात. आता एक दुकान ४० टक्के कमिशनवर माल ठेवायला तयार आहे. द्यावा का? आणि पूर्णवेळ हेच करायचं तर कशावर भर द्यावा? पदवी नसल्याचा अडसर येतो का?

धावदोरा
पदवी कुणी विचारत नाही. दुसरी गोधडी पहिल्यासारखीच निघेल का, एवढंच विचारतात. त्यामुळे आधी टाका मोजायला शिका, भाव त्यातूनच निघतो.

साडेपाच मीटरची साडी म्हणजे २१६ इंच. मधोमध कापली की १०८ इंचाचे दोन तुकडे, पन्हा ४५ इंच. शेजारी शेजारी जोडले की डबलचा एक थर झाला. म्हणजे तीन थरांना तीन साड्या. (नऊवारी असेल तर असे तीन तुकडे निघतात.) शिवण आणि काठ दुमडून तयार माप साधारण ८६ बाय १०४ धरा. ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर ८६ ओळी, म्हणजे सुमारे २२७ मीटर धावदोरा. कडेकडेनं गोल फिरत आत आलात तरी लांबी जवळपास तेवढीच.

आता घड्याळ लावून बघा, तीन थरांतून तासाला तुमचे किती मीटर होतात. मी ६ धरतो. म्हणजे ३८ तास. धुणं, फॉल उसवणं, इस्त्री, टाचे (थर सरकू नयेत म्हणून आधी घालायचे कच्चे टाके) यांचे ६ आणि काठाचे ४. एकूण ४८ तास. तासाला १०० रुपये लावले तर मजुरी ४,८००. साड्या, दोरा, पिशवी मिळून ७५०. वर वीज, प्रवास, फोटो, वाया गेलेला माल यांसाठी १५ टक्के. झाले ६,४००.

तुमच्या ३,५०० मध्ये हाच खर्च वजा केला तर तासाला ४० रुपये पडतात. दुकानाला ४० टक्के द्यायचे तर ६,४०० भागिले ०.६, म्हणजे लेबल १०,७०० च्या घरात हवं. बरेच जण ६,४०० वर ४० टक्के चढवून ८,९६० लिहितात आणि हजार रुपये घालवून बसतात. घरी आणि दुकानात भाव वेगळा ठेवू नका, दुकानदाराला कळतंच. घरून थेट विकताना वरचे पैसे तुमच्या विक्रीच्या कष्टाचे समजा.

हा भाव पेलत नसेल तर तासाचा दर पाडू नका, टाका कमी करा. दीड इंचावर ओळी घेतल्या की १५० मीटर, धावदोऱ्याचे २५ तास. कमिशन धरण्याआधीचा भाव पाच हजारांच्या आसपास येतो. तीन इंचांपलीकडे मात्र जाऊ नका, धुताना थर सरकतात.

दुकानात डबल ठेवूच नका असं माझं मत. दुपटी ठेवा. एका साडीचे ५४ इंचाचे चार तुकडे होतात: तीन थरांना, चौथा काठाला आणि ठिगळांना. साधारण १२ तासांत होतं, तुमच्या हातात १,७०० यायला हवेत, म्हणजे लेबल २,८०० चं.

माजघर
हिशेब पटला. पण परत आलेल्या गोधडीचा खर्च यात कुठे आहे? परत येण्याची कारणं ठरलेली असतात.

सुतीत पॉलिस्टर मिसळलेलं. सुती आटतं, पॉलिस्टर आटत नाही, पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. प्रत्येक साडीचा एक धागा जाळून बघा: सुती कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. जुनी साडी आटून झालेली असते, पण पाठीला नवा मांजरपाट लावत असाल तर तो आधी गरम पाण्यातून काढाच.

लाल आणि गर्द निळ्याचा रंग जाणं. पांढरा कपडा ओला करून साडीवर ठेवा, वरून इस्त्री फिरवा. डाग उतरला तर ती साडी गडद गोधडीतच, दुपट्यात कधीच नाही.

खळ राहिलेली साडी. कसर लागते. रात्रभर भिजवून चोळून धुवा.

विरलेला भाग. साडी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा खालचा काठ आणि बसण्याची जागा बहुधा गेलेली असते. तो तुकडा मधल्या थरात घाला. आणि पॉलिस्टरचा दोरा वापरू नका, ताण आला की दोऱ्याआधी जुनं कापडच फाटतं. सुती दोराच हवा. मधे फुगा येत असेल तर टाचे कमी पडतायत. दर वितीवर एक, चारही दिशांनी ताणून.

सातबारा
खरा पैसा 'आईच्या साड्यांची गोधडी करून द्या' या ऑर्डरींत आहे, कारण तिथं बाजारभावाशी तुलना नसते. जोखीमही तिथंच. साडी कापली की परत नाही. म्हणून घेतानाच ग्राहकासमोर प्रत्येक साडीचा फोटो, भोकं आणि डाग दिसतील असा. कागदावर लिहा: माप, ओळींतलं अंतर, तारीख, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेले तुकडे कोणाचे. जुनं रेशीम घडीवर आपोआप फाटतं. त्याला मागून मलमलचं अस्तर लावावं लागेल, त्याचे पैसे वेगळे, आणि तरीही फाटलं तर जबाबदारी नाही, हे सही घेऊन. जरीचे काठ काढून वेगळे द्या, टोचतात.

कागदपत्रं: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. हस्तकला विकास आयुक्तांचं कारागीर ओळखपत्रही काढा, त्यांच्या मेळ्यांसाठी उपयोगी. पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, गोधडी असा वेगळा व्यवसाय नाही. अर्ज शिंपी म्हणूनच करावा लागेल. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्क्यांनी. फक्त माल आणि तोही राज्यातच विकत असाल तर जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख. कार्यशाळेची फी ही सेवा झाली, ती जोडली की २० लाख. परराज्यात पाठवायचं तर हस्तकलेच्या सवलतीच्या यादीत आपला एचएसएन कोड (जीएसटीतला मालाचा वर्गीकरण क्रमांक) आहे का, हे सीएकडून बघून घ्या.

कराडची_सुई
ओळींतल्या अंतराचा भाव डोक्यात आलाच नव्हता! अजून एक: गल्लीतल्या दोन बायका मदतीला यायला तयार आहेत. त्यांना नगावर द्यावं की रोजावर?

धावदोरा
दोन्ही नको, मीटरवर. नगावर दिलं की ओळी हळूहळू लांब पडत जातात, रोजावर दिलं की वेगाची कुरकुर सुरू. खडूनं ओळी तुम्ही मारून द्या, मीटर आधीच ठरलेले. तासाचे १०० आणि वेग ६ मीटर, म्हणजे मीटरला साधारण १७ रुपये. एका गोधडीवर दोन हात बसवू नका. टाक्याची लांबी बदलते आणि ती उजेडात लगेच दिसते. टाचे आणि काठ स्वतःकडे ठेवा. ताई, आणि मजुरी गोधडी विकली गेल्यावर नाही, उतरली त्याच दिवशी द्यायची; तेवढी रक्कम आगाऊतून बाजूला काढता येत नसेल तर सध्या एकच मदतनीस घ्या.