सिएटल परिसरातल्या भटकंतीसाठी नेमका कोणता पास घ्यावा?

पायवाट_बेलव्ह्यू

मंडळी, आई-बाबा (वय ६७ आणि ७१) जूनमध्ये पुण्याहून येत आहेत, ऑक्टोबरच्या मध्यावर परत जातील. दोघंही व्हिजिटर व्हिसावर. आम्ही दोघं एच-वन-बीवर, मुलगी सप्टेंबरमध्ये चौथीत जाईल. चढाईचे ट्रेक नकोत. गाडीतून उतरून थोडं चालता येईल अशा जागा बघायच्या आहेत. यादी अशी: रेनियरचं पॅराडाइज, आर्टिस्ट पॉइंट, फ्रँकलिन फॉल्स, डायब्लो लेक, ऑलिंपिकमधली हरिकेन रिज आणि 'हो' रेनफॉरेस्ट, जमलं तर केप फ्लॅटरी. शिवाय अधूनमधून लेक समामिश किंवा डिसेप्शन पास या स्टेट पार्कांत, डबा घेऊन.

ऑफिसातले म्हणतात, ८० डॉलरचा 'अमेरिका द ब्युटिफुल' (केंद्र सरकारचा वार्षिक पास) घे, सगळीकडे चालतो. कुणी म्हणतं बाबांच्या नावावर सीनियर पास काढ, २० डॉलरमध्ये काम होईल. तिसरा म्हणतो गाडीच्या टॅब्ज (वार्षिक नोंदणी) भरताना पार्कचे पैसे कापले जातातच, वेगळं काही लागत नाही. खरं काय?

कोयना_ते_कॅस्केड

तिघांचंही चुकलंय, फक्त कमी-जास्त.

शेवटच्यापासून घेतो, कारण दंड त्यात बसतो. टॅब्जचं नूतनीकरण करताना जे ५ डॉलर दिसतात ती स्टेट पार्क्सना दिलेली ऐच्छिक देणगी आहे. नको असेल तर काढून टाकता येते. तो डिस्कव्हर पास, म्हणजे राज्याच्या जागांवर गाडी लावायचा पास, नव्हे. पास त्याच फॉर्मवर वेगळा निवडून विकत घेता येतो, त्यामुळेच घोळ होतो. देणगी भरून निर्धास्त गाडी लावली तर काचेवर ९९ डॉलरचं चलान सापडेल.

सीनियर पास वयाच्या ६२ नंतर मिळतो, पण फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना. वर्षाचा २०, आजन्म ८०. (आजन्म पास ऑगस्ट २०१७ पर्यंत फक्त १० डॉलरला होता, त्यामुळे जुनी मंडळी अजून तोच भाव सांगतात.) व्हिजिटर व्हिसावर तो मिळत नाही. बाबांचा पासपोर्ट पुढे करून उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट. इथे पास जागेच्या मालकावर ठरतो, जागा जंगल आहे की बाग यावर नाही. मालक मोजा:

राज्य सरकार: स्टेट पार्क्स, डीएनआरची (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची) जंगलं, फिश अँड वाइल्डलाइफच्या जागा. इथे डिस्कव्हर पास. ऑक्टोबर २०२५ पासून वर्षाला ४५ डॉलर (आधी ३० होता), दिवसाचा १०. ऑनलाइन किंवा दुकानातून घेतला तर वर थोडा व्यवहार आकार.

फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे केंद्राचं नॅशनल फॉरेस्ट: नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास, वर्षाला ३०, दिवसाला ५. वॉशिंग्टन आणि ओरेगन दोन्हीकडे चालतो.

नॅशनल पार्क: रेनियर आणि ऑलिंपिक दर गाडीला ३० डॉलर, सात दिवसांसाठी. नॉर्थ कॅस्केड्सला प्रवेश शुल्कच नाही, म्हणजे तुमचा डायब्लो लेक फुकट.

८० चा 'अमेरिका द ब्युटिफुल' यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाकडे चालतो. पहिल्याकडे अजिबात नाही. लेक समामिश आणि डिसेप्शन पासला तो काचेवर लावून काहीही उपयोग होणार नाही.

घाटवाट

वर बरोबर लिहिलंय, पण नकाशावर हे कळत नाही ही खरी अडचण. आय-९० चा एक्झिट ३२ घ्या. पूर्वेकडे जाताना उतरून डावीकडे वळलात की माउंट साय, डीएनआरची जागा, डिस्कव्हर पास हवा. त्याच एक्झिटला उजवीकडे वळलात की रॅटलस्नेक लेक. ती सिएटल शहराच्या पाणीपुरवठ्याची जागा, कुठलाच पास नको. तसेच पुढे एक्झिट ४७ ला गेलात की फ्रँकलिन फॉल्स, फॉरेस्ट सर्व्हिस. अर्ध्या तासात तीन मालक.

हायवे २ वरही तेच. वॉलेस फॉल्स स्टेट पार्क, म्हणून डिस्कव्हर. तिथून थोडं पुढे लेक सरीनची पायवाट, ती फॉरेस्टची. एकाच सकाळी दोन्ही केलंत तर दोन पास.

आणखी एक, फॉरेस्टच्या प्रत्येक पायवाटेला पैसे लागत नाहीत. २००४ च्या कायद्यानुसार असं शुल्क घ्यायचं तर तिथे आखलेलं पार्किंग, कायमचं शौचालय, कचऱ्याची पेटी, माहितीफलक, पिकनिक टेबल आणि सुरक्षेची व्यवस्था या सहा सोयी लागतात. म्हणून ढोबळ खूण अशी: पायवाटेच्या तोंडाशी नुसतीच खड्ड्यांची मोकळी जागा असेल तर बहुधा फुकट, नीट बांधलेलं शौचालय आणि टेबलं दिसली की फलक शोधा. फलक वाचल्याशिवाय गाडी सोडू नका, एवढं मात्र पाळा.

सागरगड_सिएटल

मग हिशोब सोपा आहे. रेनियर ३०, ऑलिंपिक ३०, फॉरेस्टचा वार्षिक ३०, बेरीज ९०. त्यापेक्षा ८० चा घ्या आणि मोकळे व्हा. एकच नॅशनल पार्क असतं तर ६० मध्ये भागलं असतं, दोन असली की मोठा पास परवडतो. एच-वन-बीची काळजी नको. २०२६ पासून रहिवाशांना ८० आणि बाहेरच्यांना २५० असे दोन भाव झालेत, पण रहिवासी म्हणून वॉशिंग्टनचं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. पास तुमच्या नावावर घ्या, आई-बाबांच्या नाही. गाडीमागे शुल्क असतं तिथे गाडीतले सगळे आत जातात. माणशी शुल्क असेल तिथे पासधारक आणि आणखी तीन मोठे, १६ वर्षांखालची मुलं तशीही मोफत. म्हणजे तुम्ही चौघं बरोबर बसता.

कोयना_ते_कॅस्केड

@सागरगड, बेरीज बरोबर, पण प्रश्नातलं एक वाक्य सुटलं. "मुलगी सप्टेंबरमध्ये चौथीत जाईल."

चौथीतल्या मुलांना केंद्राच्या सगळ्या जागांचा पास मोफत मिळतो. योजनेचं नाव एव्हरी किड आउटडोअर्स. चौथीच्या वर्षात १ सप्टेंबर ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत. नॅशनल पार्कही त्यात, फॉरेस्ट सर्व्हिसच्या पायवाटाही. म्हणजे या उन्हाळ्यात जून ते ऑगस्ट तुम्हाला पैसे पडतील, १ सप्टेंबरपासून नाही. आणि तो पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत चालेल, तेव्हा पुढचा अख्खा उन्हाळाही त्यातच निघतो.

तर यादीचे दोन भाग करा.

सप्टेंबरच्या आधी: पॅराडाइज ३०, आर्टिस्ट पॉइंट (तेही फॉरेस्ट सर्व्हिसचं) ५, फ्रँकलिन फॉल्स ५. झाले ४०. पॅराडाइजची रानफुलं जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतात, त्यामुळे ते पुढे ढकलू नका. आर्टिस्ट पॉइंटचा शेवटचा रस्ता बर्फ काढून साधारण जुलैत उघडतो. जूनमध्ये तिथवर जाऊन बंद फाटक बघाल.

सप्टेंबरनंतर: हरिकेन रिज आणि 'हो' रेनफॉरेस्ट. शून्य डॉलर. 'हो' रेनफॉरेस्टला उन्हाळ्यात पार्किंग भरलं की एक गाडी बाहेर पडल्यावर एक आत सोडतात, रांगेत तासभर सहज जातो. सप्टेंबरात ते बरंच कमी. हरिकेन रिजची इमारत मे २०२३ मध्ये आगीत जळाली, त्यामुळे आई-बाबांसाठी पाणी आणि खाणं पोर्ट अँजेलिसमधूनच भरून घ्या.

मोठ्या पासाच्या निम्म्यात काम. ८० चा पास तेव्हाच घ्या जेव्हा ऑगस्टच्या आत दोन्ही पार्क करायची असतील आणि वर चार-पाच फॉरेस्टच्या जागा.

घाटवाट

चौथीच्या पासात दोन अटी विसरू नका. मुलगी गाडीत हवी. ती शाळेत आणि तुम्ही आई-बाबांना घेऊन बुधवारी निघालात तर तो पास निरुपयोगी. म्हणजे सप्टेंबरचे सगळे बेत शनिवार-रविवारी. दुसरं, ऑनलाइन घेतल्यावर कागदावर छापून ठेवा. नॅशनल पार्कच्या फाटकावर माणूस असतो, फॉरेस्टच्या पायवाटेवर कुणी नसतं. तिथे काचेतून दिसेल असं डॅशबोर्डवर काहीतरी असायलाच हवं आणि फोन तर तुमच्या खिशात असतो.

हेच ८० च्या पासालाही लागू. जानेवारी २०२६ पासून तो डिजिटलही मिळतो, पण ज्यांचा वापर मुख्यतः पायवाटांवर आहे त्यांनी प्लास्टिकचं कार्ड आणि आरशाला अडकवायचा टॅग घ्यावा. हरवला तर बदलून मिळत नाही. आणि तो पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या शेवटापर्यंत चालतो: ३ जूनला घ्या की २९ जूनला, संपणार पुढच्या वर्षीच्या ३० जूनला. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला घ्यावा.

रोजचे ५ डॉलर भरायचे असतील तर घरूनच ई-पास काढून छापा. पायवाटेवर मोबाइलला रेंज नसते. तिथे लोखंडी नळीत पाकीट टाकायची सोय असते, पण त्यासाठी सुटे पाच डॉलर लागतात, वीसच्या नोटेचे सुटे कुणी देत नाही. पाकिटाची पट्टी फाडून डॅशबोर्डवर ठेवायची. रेनियरच्या फाटकावर उलटं: २०२३ पासून तिथे रोख घेत नाहीत, कार्डच लागतं.

पायवाट_बेलव्ह्यू

चौथीचं माहीतच नव्हतं! मग लेक समामिशसाठी डिस्कव्हर वार्षिक घ्यावा का? आणि आई-बाबा आले की कधी आमची गाडी, कधी भाड्याची मिनीव्हॅन. प्रत्येक गाडीला वेगळा पास?

सागरगड_सिएटल

चौथीचं माझ्याही नजरेतून सुटलं, मान्य.

डिस्कव्हर: चार दिवसांचे ४०, पाचव्या दिवशी ५०. पाच वेळा जाणार असाल तर वार्षिक घ्या. जून ते ऑक्टोबर डबा घेऊन जाणारे पाच वेळा सहज जातात. तारीख तुम्ही निवडता, त्या दिवसापासून वर्ष. आधी मात्र वाचनालयात विचारा. राज्यातली बरीच सार्वजनिक वाचनालयं पुस्तकासारखा डिस्कव्हर पास घरी देतात, दुर्बीण वगैरे असलेल्या पाठपिशवीसकट. उन्हाळ्यात नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून आताच नाव लावा.

वर्षातले काही दिवस स्टेट पार्क्स मोफत असतात. त्यात एक खोच आहे: ती सूट फक्त स्टेट पार्कला, डीएनआर आणि फिश अँड वाइल्डलाइफला नाही. म्हणजे त्या दिवशीही माउंट सायला पास लागतो. दरवर्षी लोक फसतात.

कोयना_ते_कॅस्केड

गाड्यांबद्दल: डिस्कव्हर पासावर नंबरप्लेट लिहायला दोन जागा असतात. एका वेळी एकाच गाडीत चालतो, पण दोन गाड्यांत आलटूनपालटून वापरता येतो. पहिल्या जागी तुमच्या गाडीचा नंबर लिहा आणि दुसरी कोरी ठेवा. घरच्या दुसऱ्या गाडीचा नंबर हौसेनं लिहून टाकलात की मिनीव्हॅनला जागा उरत नाही, आणि खोडून लिहिलेला चालत नाही. व्हॅन हातात आली की प्लेट बघून मार्करने लिहा. वेगवेगळ्या तीन व्हॅन घेणार असाल तर पुढच्यांसाठी दिवसाचा पास. चलान आलंच, तर वार्षिक पास विकत घेऊन १५ दिवसांत कोर्टात पुरावा दिल्यास ९९ चे ५९ होतात, तोही मार्ग लक्षात असू द्या.

केप फ्लॅटरीचा मालक पुन्हा वेगळा. ती मकाह जमातीची भूमी आहे. तिथे वरचा एकही पास चालत नाही, चौथीचाही नाही. मकाह रिक्रिएशन पास, गाडीला २० डॉलर, कॅलेंडर वर्षभर. नीआ बे गावात दुकानात मिळतो. पायवाट पाऊण मैलाची, लाकडी फळ्यांची, ओली असली की निसरडी. काठी घ्या.

घाटवाट

एक राहिलं. आई-बाबा तुमच्याशिवाय यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनला टूरने जाणार असतील तर २०२६ पासून अशा ११ पार्कांत बाहेरच्या देशातल्या १६ वर्षांवरच्या माणसाला, वार्षिक पास नसेल तर, नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त लागतात. टूरवाल्याने सांगितलेल्या दरात ते धरलेत का, हे पैसे भरण्याआधी विचारा. वॉशिंग्टनची तिन्ही पार्कं त्या ११ मध्ये नाहीत.

पायवाट_बेलव्ह्यू

टूरचं खरंच विचारायचं होतं, उद्याच फोन करतो. वाचनालयात नाव लावलं, आठवा नंबर आहे.

सागरगड_सिएटल

आठवा म्हणजे जुलै उजाडेल. जूनमध्ये समामिशला गेलात तर पार्कातल्या मशीनवर दिवसाचे १० भरा आणि पावती डॅशबोर्डवर छापील बाजू वर करून ठेवा. उलटी पडलेली पावती रेंजर वाचत नाही.