डोक्यावर घेतलेला तरुण पिचर: तुमचे अनुभव लिहा

वैजू:
परवा लेक पिट्सबर्गच्या स्कीन्स या पिचरची (बेसबॉलमधला चेंडू टाकणारा) मॅच बघत बसला होता आणि मला ८ जून २०१० आठवला. आम्ही तेव्हा व्हर्जिनियात नवे. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऑफिसात, मेट्रोत, मंडळाच्या पंगतीत एकच नाव: स्टीफन स्ट्रासबर्ग. वय २१. आदल्या वर्षी ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिला, दीड कोटी डॉलरचा करार. पदार्पणाच्या दिवसाला पेपरवाल्यांनी नाताळासारखं 'स्ट्रासमस' नाव देऊन टाकलेलं! वॉशिंग्टनच्या नॅशनल्स संघाचं मैदान, नॅशनल्स पार्क, खच्चून भरलं होतं. पोरानं १४ जण स्ट्राइकआउट केले (तीन स्ट्राइकमध्ये बाद), शेवटचे ७ तर ओळीनं, आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकटचा बेस) एकही नाही. शेजारचे आजोबा रडत होते. १९७१ नंतर २००५ पर्यंत वॉशिंग्टनला मोठ्या लीगचा संघच नव्हता हो.
चार-पाच मॅच झाल्या नाहीत तोच 'ऑलस्टारला (निवडक खेळाडूंच्या सामन्याला) घ्या' म्हणून आरडाओरडा सुरू. आणि ऑगस्टात फिलाडेल्फियात एक चेंडू टाकून त्यानं हात झटकला. सप्टेंबरात कोपराची टॉमी जॉन सर्जरी (फाटलेला अस्थिबंध बदलण्याची). दुखापत नक्की काय ते कळायच्या आधीच एक समालोचक रेडिओवर त्याला म्हणत होता, सहन कर की! तो राग माझ्या मनातून गेलेला नाही.
तुमच्या शहरात असं कोणी होतं का?

शिकागोकर:
केरी वूड!!! ६ मे १९९८, रिगली फील्ड, ह्यूस्टनविरुद्ध २० स्ट्राइकआउट, वय २०. १९९९ अख्खं सर्जरीत गेलं. त्यानंतर मार्क प्रायर. त्याची अ‍ॅक्शन इतकी निर्दोष की हा कधी मोडणारच नाही, असं टीव्हीवाले छातीठोक सांगायचे. २००३ ला त्याच्या नावावर १८ विजय. त्या सप्टेंबरात एकेका मॅचला १३० च्या आसपास चेंडू टाकून घेतले आणि अख्खं शहर टाळ्या वाजवत होतं. २००६ नंतर मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वात वरची लीग) एक चेंडू नाही. वय तेव्हा २५.

रानजाई:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. माझा मुलगा अकरा वर्षांचा, पिचर. लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या लीगमध्ये) त्याच्या वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, नंतर विश्रांतीचे दिवसही ठरलेले. पण शनिवारी एक संघ आणि रविवारी दुसरा ट्रॅव्हल संघ (गावोगावी स्पर्धांना जाणारा) असला की दोन्हीकडची बेरीज कोण करतं? गेल्या आठवड्यापासून कोपर दुखतंय म्हणतोय. कोच म्हणतात पोरगा स्पेशल आहे.

टेक्सासवाला:
@रानजाई आधी मुलांच्या हाडांच्या डॉक्टरला दाखवा. वाढीच्या वयात कोपरातली हाडं कोवळी असतात.
आमच्याकडचा डेव्हिड क्लाइड. १९७३. शाळा संपवून थेट मेजर लीगमध्ये, १८ वर्षांचा! रेंजर्सचं मैदान रिकामं असायचं, मालकाला तिकिटं खपवायची होती. पहिल्या मॅचला स्टेडियम हाऊसफुल्ल, पोरगा जिंकलाही. दोन मॅचनंतर त्याला शिकायला खाली मायनर लीगमध्ये पाठवायचं ठरलं होतं. गर्दी बघून ठेवून घेतलं. १८ विजय, ३३ पराभव, एवढीच कारकीर्द.

ओसाका_डायरी:
जपानमध्ये उलटं झालं. रोकी सासाकी हा पिचर, २०१९, शाळेचा शेवटचा उन्हाळा. काही दिवसांपूर्वीच एका मॅचमध्ये १९४ चेंडू टाकलेले. इवाते प्रांताच्या फायनलला कोचनी त्याला खेळवलंच नाही. संघ २-१२ हरला, कोशिएन (शाळांची राष्ट्रीय स्पर्धा) हुकलं. शाळेत तक्रारीचे फोनवर फोन! आमच्या ऑफिसात पण दोन तट पडले होते. २०२२ ला याच पोरानं परफेक्ट गेम (एकालाही बेसवर न पोचू देता) टाकला, १९ स्ट्राइकआउट. त्या कोचना मी मनापासून नमस्कार करते.

कल्याणची_पोर:
मला बेसबॉल कळत नाही पण वाचून प्रणव धनावडे आठवला. जानेवारी २०१६, शाळेच्या सामन्यात नाबाद १००९. आमच्या कल्याणात चॅनेलवाल्यांच्या गाड्याच गाड्या. १५ वर्षांच्या पोराला लगेच 'पुढचा सचिन' काय विचारता! फार वाईट वाटायचं.

अमोघ_डीसी:
वैजूताई, २०१२ विसरलात? हंगामात १५९ इनिंग (इथे तीन बाद झाले की एक) झाल्यावर नॅशनल्सनी स्ट्रासबर्गला थांबवलं, कोपर जपायला. संघाचे ९८ विजय, आणि प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना) हा बाकावर. कार्डिनल्सविरुद्ध शेवटच्या मॅचला ६-० पुढे असून हरलो. तेव्हा संघाचे त्या वेळचे जनरल मॅनेजर रिझोंना मीडियानं सोलून काढलं. माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. २०१९ ला वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकली, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) कोण? स्ट्रासबर्गच!

शिकागोकर:
आणि मग साडेचोवीस कोटी डॉलरचा करार, त्यानंतर फक्त ८ मॅच. एक बरगडी काढावी लागली त्याची. २०२४ ला निवृत्त.

अमोघ_डीसी:
हो. त्यावर लोक 'पैसे खाल्ले' म्हणतात ना, ते ऐकवत नाही. ज्या हातानं कप आणला त्याचीच ती किंमत होती.

वैजू:
अगदी. @ओसाका_डायरी सासाकीचं माहीतच नव्हतं, लेकाला वाचून दाखवलं. अमोघ, तू स्टर्लिंगच्या गणपतीला ढोल वाजवायचास तोच का रे?

अमोघ_डीसी:
तोच! काकांना नमस्कार सांगा.

रानजाई:
डॉक्टरकडे जाऊन आले. सूज आहे, सहा आठवडे चेंडू टाकायचा नाही. दोन्ही कोचना कळवलं. एकांनी 'काळजी घ्या' म्हटलं, दुसऱ्यांनी फायनलनंतर बघू म्हणून विनवणी केली. मी नाही म्हटलं. लेक रुसून बसलाय, पण टेक्सासदादा, तुमचे खूप आभार.