ग्रीसमध्ये आठवडाभर शिडाची यॉट, कॅप्टनशिवाय: आयोनियन की सिक्लडीज? आणि करारात काय बघायचं?

मीठभाकर
नमस्कार मंडळी. येत्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहाजण (चार जर्मनीतले, दोन पुण्याचे) ग्रीसमध्ये शिडाची यॉट भाड्याने घ्यायचं म्हणतोय, शनिवार ते शनिवार, बेअरबोट (म्हणजे कॅप्टनशिवाय). नवऱ्याकडे जर्मनीचं एसकेएस (किनारी समुद्रात यॉट चालवायचं) लायसन्स आहे. दुसरा एकजण मुंबईत डिंगी (छोटी शिडाची होडी) चालवायचा, पण त्याच्याकडे कागद काही नाही. सगळ्यांना सँटोरिनी-मिकोनोस, म्हणजे एजियन समुद्रातली सिक्लडीज बेटं हवीत, मला मात्र लेफकाडाकडचा भाग, म्हणजे ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्र बरा वाटतोय. बजेट बोटीपुरतं साधारण साडेतीन हजार युरो. भाग कुठला निवडावा, करारात कुठे फसायला होतं, आणि बोट ताब्यात घेताना काय तपासावं? पुण्याच्या दोघांच्या व्हिसाचंही सांगा.

तांडेल
सँटोरिनी विमानाने किंवा फेरीने बघा. बोट लेफकाडातूनच घ्या.

सिक्लडीजमध्ये उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. आपल्या मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा पश्चिमेला थेट तुर्कस्तानपर्यंत पसरलेला असतो आणि बाल्कनवर जास्त दाब असतो. या दोन्हींच्या मधून उत्तरेचा वारा एजियनमध्ये घुसतो. जोर जुलै-ऑगस्टमध्ये, पण जूनअखेरीसही तो सुरू झालेला असू शकतो. ५-६ बोफोर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) नेहमीचं, ७ नवलाचं नाही, आणि तेही निळ्याभोर आकाशात, दिवसचे दिवस. अथेन्सहून खाली जाताना वारा पाठीवर असतो, म्हणून मजेत जाता येतं. परतताना तोच वारा तोंडावर, आणि बोट शुक्रवारी संध्याकाळी बेसवर (जिथून ती घेतली त्या बंदरात) हजर करायची असते. नवख्यांची गाडी तिथेच अडते.

आयोनियनमध्ये सकाळी बहुतेक पाणी सपाट असतं. दुपारी वायव्येचा माइस्ट्रो उठतो, ३ ते ५ बोफोर्टपर्यंत जातो आणि सूर्यास्ताला बसतो. बेटं जवळजवळ, रोज १०-२० सागरी मैल पुरेत. पाच नॉटने म्हटलं तर दोन ते चार तास. शनिवारी ताबा पाचच्या सुमाराला मिळतो, त्या दिवशी सामान भरा आणि तिथेच झोपा. रविवारी मेगानिसी, मग केफालोनियाचं फिस्कार्डो, इथाकाचं कियोनी किंवा वाथी, एक दिवस सामी किंवा अगिया एफिमिया, परतताना कास्तोस-कालामोस. उत्तरेकडे परतायच्या दिवशी सकाळी लवकर इंजिनावर निघा, दुपारी माइस्ट्रो समोरून येतो. लेफकाडाच्या कालव्यातून दक्षिणेला जाताना बोयांच्या बाहेर जाऊ नका, कडेला उथळ आहे.

फिस्कार्डोत दुपारी एक-दीडच्या आत पोहोचा. नंतर धक्क्यावर जागा मिळणं नशिबाचा भाग.

हिशेबी
पैसे आणि कागद.

सहाजणांना तीन केबिन, दोन टॉयलेटची ४० फुटी बोट नेमकी पुरते. पाच-सात वर्षं जुनी बोट जूनअखेरीला साडेतीन हजारात बसू शकते, नवी कोरी बसायची नाही, आणि कॅटामरानचा विचार तर सोडूनच द्या. बुकिंगला साधारण निम्मे पैसे, उरलेले निघण्याच्या चार-सहा आठवडे आधी. शिवाय तिथे गेल्यावर सफाई, चादरी, डिंगीचं (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं) इंजिन, क्रूझिंग टॅक्स असे किरकोळ दिसणारे आकडे जोडले जातात. ते भाड्यात आहेत की वेगळे, हे लेखी मागा.

अनामत रक्कम दोन ते चार हजार युरो असते आणि ती कार्डावर अडकवतात. तेवढी लिमिट असलेलं क्रेडिट कार्ड स्किपरच्याच (बोट चालवणाऱ्याच्याच) नावाचं लागेल का, आधी विचारा. याला पर्याय म्हणून डॅमेज वेव्हर (पैसे भरून नुकसानीच्या जबाबदारीतून सूट) विकतात. तो पैसा परत मिळत नाही, शिवाय डिंगी, तिचं इंजिन, हरवलेला नांगर आणि फाटलेलं शीड बऱ्याचदा त्यात धरलेलं नसतं. हीच तर नुकसान होणारी चीजवस्तू! अपवादांची यादी न वाचता वेव्हर घेऊ नका. अनामत रकमेचा स्वतंत्र विमा एखाद्या विमा कंपनीकडून घेणं मला जास्त पटतं.

एसकेएसची अडचण येऊ नये, तरी प्रत आधी पाठवून होकार घ्या आणि मूळ कार्ड बोटीवर ठेवा. ग्रीसमध्ये स्किपरखेरीज दुसरा जाणता माणूस लागतो. लायसन्स नसेल तर अनुभवाचं सहीचं निवेदन चालतं, तुमच्या डिंगीवाल्याला ते भरता येईल.

पुण्याच्या दोघांना शेंगेन व्हिसा लागेलच. राहण्याचा पुरावा म्हणून चार्टरचा करार आणि क्रू लिस्ट जोडा, नावं पासपोर्टवर आहेत तशीच हवीत. आधीच्या-नंतरच्या रात्रींचं हॉटेलही दाखवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. जर्मनीच्या रेसिडेन्स परमिटवाल्यांना वेगळा व्हिसा नको. आणि पुढेमागे कोर्फूहून बोट घेतलीत तर 'समोरच तर आहे' म्हणून अल्बानियाला जाऊ नका. तो शेंगेनच्या बाहेर आहे, सिंगल एंट्रीवाला तिकडे गेला की त्याचा व्हिसा संपला.

नांगरवाला
शिडं कोणीही सांभाळेल. आयोनियनमध्ये अनामत रक्कम जाते ती संध्याकाळी चार वाजता, धक्क्याला लागताना. त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो.

तिथे बोट आडवी लावत नाहीत. नांगर पुढे टाकायचा आणि पाठ धक्क्याला बांधायची. दोन्ही बाजूंना फेंडर (धक्का झेलणारे फुगे), एक मागे. मागचे दोन्ही दोर रेलिंगच्या बाहेरून घेऊन तयार ठेवायचे. आतून घेतला तर ताण आल्यावर रेलिंग वाकतं. आपल्या जागेच्या अगदी सरळ रेषेत, बोटीच्या तीन-चार लांब्या, म्हणजे ४०-५० मीटर दूर नांगर तळाला टेकवा आणि रिव्हर्समध्ये या. साखळी सैल सुटत राहिली पाहिजे. विंडलासवरच्याने (नांगराची साखळी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्रापाशी असलेल्याने) घाबरून ती मध्येच थांबवली की नांगर रुतण्याआधीच ओढला जातो आणि आडवा वारा नाळ (बोटीचं पुढचं टोक) फिरवतो. अर्धी लांबी उरली की साखळी थांबवायची, तीच ब्रेकचं काम करते. वाऱ्याच्या बाजूचा दोर आधी किनाऱ्यावर, मग दुसरा. मग साखळी ताणा आणि १५००-२००० आरपीएमवर रिव्हर्स देऊन बघा. पाठ धक्क्याकडे सरकली तर नांगर धरलेला नाही. काढा आणि पुन्हा टाका. शेजारचे टकामका बघतील, बघू द्या. रात्री डोंगरावरून वारा उतरला आणि नांगर सुटला की तुमची बोट त्यांच्यावरच जाणार असते.

खाडीत मोकळा नांगर टाकताना फिकट दिसणारी वाळू शोधा. गडद पट्टा म्हणजे पोसिडोनिया गवत. त्यात नांगर नुसता घसरतो, शिवाय ते गवत संरक्षित आहे. खोलीच्या चारपट साखळी शांत हवेत, वारा असेल तर सहापट. साखळीवर दर दहा मीटरला रंगाच्या खुणा असतात, त्यांचा क्रम ताबा घेतानाच विचारा.

विंडलास ८०-१०० अँपिअर खातं, म्हणून इंजिन चालू ठेवूनच वापरा. बोट साखळीने ओढायची नाही. इंजिनाने पुढे जायचं, विंडलासने फक्त सैल साखळी गोळा करायची. नाहीतर ब्रेकर पडतो, आणि तो बहुधा कुठल्यातरी केबिनमध्ये गादीखाली असतो. जागा आधी बघून ठेवा. साखळी कप्प्यात शंकूसारखी साचून अडकते, अधूनमधून हाताने पाडा (विंडलास थांबवून, बोटं सांभाळून).

सकाळी तुमच्या नांगरावर दुसऱ्याची साखळी आली तर ओढाताण करू नका. ती पाण्याबाहेर येईपर्यंत उचला, तिच्याखालून दोर घालून दोन्ही टोकं क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधा, आपला नांगर थोडा खाली सोडून बाजूला घ्या, मग दोराचं एक टोक सोडा.

मीठभाकर
वा, हे प्रिंट काढून नेणार. नवऱ्याचा सराव बाल्टिकमधला आहे, तिथे बोट बॉक्समध्ये (खांबांमधल्या चौकोनी जागेत) घालून खांबांना बांधतात, नांगर क्वचितच. पहिल्या दिवसापुरता स्किपर घेणं वेडेपणा ठरेल का? आणि ताबा घेताना नक्की काय काय?

नांगरवाला
वेडेपणा कसला! दिवसाला २००-२५० युरो आणि जेवण. शनिवारी रात्री येऊ नको म्हणा, केबिन नाही. रविवारी सकाळी घ्या, एखाद्या रिकाम्या धक्क्यावर पाच-सहा वेळा नांगर टाकून घ्या आणि संध्याकाळी सोडा. परतीच्या टॅक्सीचं आधी ठरवा.

तांडेल
ताबा घेताना घाई करतात, मागे पाच बोटी थांबलेल्या असतात. तरी इंजिन स्वतः सुरू करा आणि एक्झॉस्टमधून पाणी पिचकारीसारखं येतंय का बघा. येत नसेल तर लगेच बंद. इंजिनाच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये गवत अडकलं की हेच होतं, तो फिल्टर कुठे आहे आणि कसा उघडतो ते करून दाखवायला सांगा. बिल्ज (बोटीचा तळ) कोरडं हवं. शिडं पूर्ण उघडून बघा, रीफचे (शीड लहान करायचे) दोर ओढून बघा. डिंगीचं इंजिन त्यांनी सुरू करून दाखवलं ते धरू नका, स्वतः करा. नाळेखाली, सुकाण्याजवळ, मागच्या कोपऱ्यांचे फोटो काढा. जुना ओरखडा कागदावर नसेल तर तो तुमचाच. टॉयलेटचं पंपिंग आणि होल्डिंग टँकची (मैला साठवायच्या टाकीची) झडप कुठल्या बाजूला उघडी, हे सहाही जणांनी बघायचं. कागद टाकायचा नाही, पिशवीत. तुंबलं तर खर्च तुमचा.

हिशेबी
शुक्रवारी डिझेलला रांग असते, तीनच्या आत पोहोचा. ताशी तीन-चार लिटरचा हिशोब धरा, म्हणजे पावतीवरचा आकडा पटतो की नाही ते कळेल.

स्वयंपाकाचं: शेगडी झुलती, दोनच बर्नर. तीन लिटरचा कुकर न्या, पाच लिटरचा कठड्यात बसत नाही. गॅस सिलिंडरपाशीच बंद करायची सवय लावा. पाणी ३५०-४०० लिटर, सहाजणांना जेमतेम तीन दिवस, म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळा. फ्रीज रात्रभर बॅटरी खातो, व्होल्टेज १२.२ च्या खाली जाऊ देऊ नका. आणि पुण्याच्या मंडळींना कडक सूटकेस आणू नका म्हणावं, बोटीत ती ठेवायला जागा नाही. घडी पडणाऱ्या बॅगाच.